आता, आणि

माझं नवं वर्ष संध्याकाळी साडेसहालाच येऊन गेलं.
मी तेव्हा नऊ नंबरच्या खोलीत
अ‍ॅग्नेसबाईंना सूप भरवत होतो.
खिशात फोन थरथरला. भुईगावहून भाऊ.
देवळाची घंटा, कुत्री, कुणीतरी "सरका रे मागे",
आणि मग पेटत्या पेंढ्याचा तो चरचराट.
म्हातारा जाळत होते.
"यंदा त्याला बाबांचा शर्ट घातला," भाऊ म्हणाला,
"निळा. केळीच्या चिकाचे डाग असलेला."
म्हटलं, बरं केलंस.
सूप निवत चाललं होतं.

प्रेस्टनमध्ये वर्ष अजून साडेपाच तास जुनं होतं.

सातच्या मिस्साला तासाभराची सुट्टी मिळाली.
धुकं. चिप्सच्या दुकानाबाहेर चकचकीत टोप्यांतली पोरं.
उद्या देवमातेचा सण, आज तिच्या देवळात
आम्ही एकोणीस जण,
सगळे डावीकडे, कारण हीटर तिकडचाच चालू.
फादर म्हणाले, क्षमा मागण्याआधी वर्षाचे आभार माना,
महिन्यामहिन्याने.
जानेवारी. फेब्रुवारी. मे झाला.
जूनपाशी मी थांबलो.

जूनमध्ये माझा व्हिसाचा अर्ज लटकलेला,
देश सोडला तर रद्द.
बाबांची माती मी पाहिली
साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनवर,
तीही खड्ड्याच्या काठापर्यंत.
पुढे बॅटरी गेली.

याचे आभार कसे मानतात, फादर?
विचारलं नाही.
मेणबत्ती लावली. एक पौंड लिहिलं होतं,
सुटे नव्हते, दोनाचं नाणं टाकलं.

पावणेबाराला अ‍ॅग्नेसबाई टक्क जाग्या.
वय त्र्याण्णव. चाळीस वर्षं कापडगिरणीत;
तिथल्या खडखडाटात कुणाला काही ऐकू यायचं नाही,
बाया एकमेकींचे ओठ वाचायच्या.
अजूनही वाचतात.
"रोझरी," त्या म्हणाल्या, "आवाज नको, बाकीचे झोपलेत."
मग त्यांची इंग्रजी आणि माझी मराठी,
दोघांचे नुसतेच ओठ,
आणि प्रत्येक मण्याला त्या माझ्यासाठी थांबत होत्या.

मध्येच माळ खाली ठेवली.
"बोनाव्हेंचर, तुझे केस काळे आहेत."
(घरी मी बोना. हे अख्खं नाव
बाप्तिस्म्याच्या वहीत आहे, आणि ह्यांच्या तोंडी.)
"बाराच्या ठोक्यानंतर काळ्या केसांचा पुरुष
उंबरठा ओलांडून आला, की वर्ष बरं जातं.
भाकर, मीठ, कोळसा घेऊन यायचं.
जा बाहेर."

मिठाची पुडी सापडली. पाव सापडला.
ह्या इमारतीत काडेपेटीलाही बंदी, कोळसा कुठला?
दुसरी स्लाइस टोस्टरमध्ये दोनदा घातली.

मागच्या अंगणात, कचऱ्याच्या निळ्या डब्यांजवळ,
एका हातात पाव, दुसऱ्यात काळा टोस्ट,
मी वर्षाची वाट बघत उभा.
ओठांवर अर्धी राहिलेली नमो मरिया चालूच होती:
आता, आणि आमच्या मरणाच्या वेळी.
लहानपणापासून म्हणतोय. आज पहिल्यांदा दिसलं,
आईकडे मागायच्या वेळा दोनच आहेत.
दुसरी बाबांना मिळाली. ती तिथे होती,
मी नव्हतो, ती होती.
मला ही पहिली.
नाक गळतंय, बोटं बधीर,
दाराचा कोड आठवत नाहीये, अशी
आता.

नदीपलीकडे आकाश फुटलं, हिरवं, मग लाल.
कोड आठवला. उजवा पाय आत टाकला.

बाईंनी मीठ उशाशी ठेवलं,
पाव बाजूला सारला.
कोळसा मात्र उजेडात धरून नीट तपासला,
मोडला,
अर्धा मला दिला.
कडू होता.
आम्ही संपवला.